शेवंताताईंचा स्वप्नांचा पाट

शेवंताताई कुमरे यांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, प्रवास कसा झाला तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "रातच्याले काय सपन पडलं तुमाले?"

त्या सकाळी समुद्रपूरहून निघालेली एसटी धुक्यातून अंदाजानंच चालली होती. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं होती आणि धुकं कुठे संपतं नि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. माझ्या पिशवीत दोन नवे टॅब होते. वर्ध्याच्या एका संस्थेनं ते ताईंच्या बालवाडीला भेट दिले होते आणि लहान मुलांना त्यावर कसं शिकवायचं हे दाखवायला मला धाडलं होतं. मी वर्धा शहरात वाढलेली, नुकतीच डी.एड. झालेली, आणि मोबाइलमधलं आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असलेली मुलगी होते. खेड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना चार गोष्टी शिकवायच्या आणि दुपारच्या गाडीनं परतायचं असा साधा बेत होता. त्याला नऊ वर्षं झाली. मी अजून त्याच बालवाडीत आहे.

समाजमंदिराच्या ओसरीवर मळकट सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर वीसेक मुलं बसली होती. काहींच्या डोळ्यांतली झोप अजून गेलेली नव्हती. मधोमध एका बुटक्या लाकडी पाटावर एक मुलगा बसून सांगत होता, की त्याची म्हैस गावच्या पाण्याच्या टाकीवर चढली, पण तिला उतरता येईना, कारण टाकीचा जिना दह्याचा होता. कुणी हसलं नाही. खाली मांडी घालून बसलेल्या ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि तो प्रश्न आला. मी गडबडून म्हटलं, मला स्वप्नं पडत नाहीत. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला माझी दया आली. ती म्हणाली, "पडते जी. तुमचं बसमधीच राह्यलं असन."

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ताईंचं कार्य, ताईंची मूल्यं आणि ताईंचा स्वभाव अशा तीन भागांत लेख लिहायला सांगितलं आहे. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण ताईंच्या बाबतीत ही तीन खाती वेगळी निघत नाहीत. म्हणून मी एका पाटाविषयीच लिहिणार आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. ती चूक ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी, ज्यांना नाही त्यांनी ऐकून घ्यावी.

बालवाडीचा दिवस त्या पाटानं सुरू होतो. ज्याला आदल्या रात्रीचं स्वप्न सांगायचं असेल त्यानं पाटावर बसायचं. पाटावरचा बोलत असेपर्यंत बाकीच्यांनी बोलायचं नाही. स्वप्न गोंडीत सांगा, वऱ्हाडीत सांगा, नाहीतर हिंदी कार्टूनच्या भाषेत सांगा, ताईंना चालतं. त्या स्वप्नाचा अर्थ सांगत नाहीत. मी एकदा आग्रह धरला तेव्हा म्हणाल्या, "अर्थ सांगणारे गावात लय हायेत. आयकणारे कमी पडते." पहिल्या महिन्यात मला हा सगळा प्रकार वेळ घालवण्याचा वाटायचा. पण सकाळचं कोवळं ऊन कडुनिंबातून सतरंजीवर उतरायचं, एकेक मूल पाटावर यायचं, कुणाच्या स्वप्नात बैलाला चष्मा लागलेला, कुणाच्या स्वप्नात शाळेला पाय फुटलेले. तासाभरानं उठताना मला आपण कुठल्यातरी लांबच्या गावाहून परत आल्यासारखं वाटायचं. हळूहळू मला त्याचं वेडच लागलं आणि मी तिथेच शिकवायला राहिले.

ही रीत ताईंनी कुठल्या प्रशिक्षणात घेतलेली नाही. त्यांचं बालपण आष्टीकडच्या एका पाड्यावर गेलं. वडील जंगलात बांबूतोडीला जायचे. थंडीच्या दिवसांत पहाटे शेकोटीपाशी बसून ते प्रत्येक लेकराला विचारायचे, रात्री काय पाहिलंस. पुढे ताई शाळेत गेल्या. घरची भाषा गोंडी, शाळेची मराठी. गुरुजी वाईट नव्हते, पण वर्षभरात ताईंना एकदाही कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कुठल्या भाषेत सांगायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मी सालभर मुकीच होती, वर्षा," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही बालवाडी काढली, आणि पहिल्याच दिवशी घरून हा पाट आणला. जे मूल डोळे मिटून पाहिलेलं सांगू शकतं, ते डोळे उघडून पाहिलेलंही सांगेल, असं त्यांचं साधं म्हणणं आहे.

टॅबचं त्यांनी काय केलं हे सांगायला हवं, कारण ताई नव्या गोष्टींच्या विरोधात आहेत असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही. पासष्टी ओलांडल्यावर त्या मोबाइल शिकल्या. अजूनही तो हाताच्या अंतरावर धरून, मान मागे घेऊन वाचतात आणि एवढ्या मोठ्यानं बोलतात की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच पडू नये. टॅबला त्या पाटीच म्हणतात. मात्र त्यांचे नियम पहिल्या दिवसापासून पक्के होते. पाटीपाशी दोन मुलं आणि एक मोठं माणूस, एकट्यानं कुणी बसायचं नाही. जी वस्तू गावात आहे ती आधी गावात पाहायची, मग पाटीवर. आणि पाहून झालं की डोळे मिटून सांगायचं, काय दिसलं.

एकदा मी मुलांना समुद्र दाखवला. आमच्या मुलांपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. दोन-दोन करत सगळ्यांनी पाहिला, डोळे मिटले आणि कुणी आवाज सांगितला, कुणी रंग. दुसऱ्या दिवशी पाटावर सात स्वप्नांत समुद्र होता आणि सातही वेगळे होते. एकाचा समुद्र तर एसटीत बसून गावात आला होता आणि त्यानं कंडक्टरकडं अर्धं तिकीट मागितलं होतं. ताई त्या दिवशी भारी खूश होत्या. म्हणाल्या, "पाहा, पाटीत एकच होता. लेकरायनं सात केले."

आता माझी चूक.

एका मुलाची आई आजारी पडून वर्ध्याच्या दवाखान्यात होती. मूल पाटावर बसायचं आणि न बोलता उठायचं. एका सकाळी ताईंनीच मला त्या आईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मुलानं पाटावर बसून तिला स्वप्न सांगितलं, तिनं खाटेवर पडून ऐकलं आणि दोघंही हसली. त्या हसण्यानं माझ्या डोक्यात एक कल्पना शिरली. ही स्वप्नं इतकी सुंदर आहेत, तर ती चार भिंतींत का राहावीत? मी मुलांना पाटावर बोलताना मोबाइलवर टिपू लागले. खाली मुलाचं नाव, कडेनं फुलांची चौकट, मागे बासरी. आधी पालकांच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांना आवडलं. मग मी इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं चॅनेलच काढलं. मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या चुलीवर चहा ठेवत होत्या. त्यांनी विचारलं, "लेकरायले इचारलं काय?" मी म्हटलं, त्यांच्या आईवडिलांना विचारलंय, सगळे हो म्हणाले. ताई "हं" म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

लोक पाहू लागले. कुठकुठून शाबासकी येऊ लागली. मी रोज सकाळी उठल्याबरोबर किती जणांनी पाहिलं ते बघायचे. पाटावर मूल बोलत असताना आता मी स्वप्न ऐकत नव्हते, चेहऱ्यावर ऊन नीट पडलंय का ते पाहत होते. एका दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी मी एका मुलाला त्याचं स्वप्न दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना ते मूल अडखळलं, तरी मला काही वाटलं नाही. हे लिहिताना आज लाज वाटते.

आमच्याकडे सहा वर्षांची एक मुलगी होती. तिला इथे चिमणी म्हणते. तिच्या स्वप्नातल्या एकदोन खुणाही बदलल्या आहेत, आणि गावाचं नाव या लेखात कुठेच येणार नाही. चिमणीला एक स्वप्न वारंवार पडायचं. घरामागच्या तलावाच्या तळाशी एक दार आहे. दार उघडलं की खाली दुसरं गाव आहे, तिथे सगळे हळू बोलतात आणि सगळ्यांच्या अंगणात दिवसाही दिवे असतात. हे स्वप्न ती इतकं शांतपणे सांगायची की ऐकणाऱ्याच्या कानात पाणी साचल्यासारखं वाटायचं. मी ते चॅनेलवर टाकलं आणि ते सगळ्यांत जास्त पाहिलं गेलं. खाली कुणीतरी विचारलं, किती गोड मुलगी, कुठल्या गावची? मी मोठ्या अभिमानानं गावाचं नाव लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला. त्याच चॅनेलवर पालकांच्या ग्रुपमध्ये यायची लिंकही मी उघडी ठेवली होती. त्या वाटेनं कोण आत आलं, कुणी कुणाचा नंबर घेतला, हे मी कधी पाहिलंच नाही.

दोनेक आठवड्यांनी चिमणी पाटावर बसली आणि म्हणाली, "मले सपन पडत नाई." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मुलं कंटाळतात. पण ताईंनी डबा खाताना मला सांगितलं, "तिले सपन पडून राह्यलं. ते सांगून नाई राह्यली. या दोन गोष्टी येगळ्या हायेत."

चौथ्या दिवशी त्यांनी चिमणीला काही विचारलं नाही. त्या स्वतः पाटावर बसल्या आणि तिला मांडीवर घेतलं. आपलं स्वप्न सांगितलं. लहानपणी त्या एका झाडाच्या ढोलीत काहीतरी ठेवायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत, आणि स्वप्नात ती ढोली दिवसेंदिवस मोठी होत जाऊन त्यांनाच आत ओढायची. मग एक दिवस वडिलांना सांगितलं आणि ढोली लहान झाली. मुलं ऐकत होती. बाहेर धुकं निवळत होतं आणि शेताकडे निघालेल्या बायांचं बोलणं लांबून येत होतं. चिमणीनं ताईंच्या कानाशी तोंड नेलं. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"सांगतलं तं दरवाजा बंद होईन."

"कोन म्हनते?"

"मोबाइलातला काका."

तो काका तिच्या आईच्या फोनवर आवाजातले निरोप धाडत होता. पाण्याखालच्या दाराची किल्ली आपल्यापाशी आहे, असं तो सांगायचा. तू मला तुझा फोटो पाठव, कसा काढायचा ते मी सांगतो, पण घरात कुणाला बोललीस तर दार कायमचं बंद होईल. सकाळी आई चुलीपाशी असताना फोन चिमणीच्या हातात असायचा. तेव्हा हे चालायचं, आणि निरोप ऐकल्यावर तो पुसायलाही त्यानं तिला शिकवलं होतं. दार, किल्ली, पाणी, सगळं त्याला माझ्या व्हिडिओतून मिळालं होतं.

"मंग धाडला काय त्याले फोटो?" ताईंनी विचारलं. आवाजात जराही घाई नव्हती.

"त्यानं माहा मांगला," चिमणी म्हणाली. "मी तलावाचा धाडला."

ताईंनी तिला घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. आता आयक. तो दरवाजा तुह्या सपनातला हाय. त्याची किल्ली कोनापाशीच नाई, अन् कोनी तो बंद नाई करू शकत. तो मानूस खोटं बोलला." चिमणीनं विचारलं, "मोठे मानसं खोटं बोलते काय?" ताई म्हणाल्या, "बोलते. तं अशा वक्ती आपन दुसऱ्या मोठ्या मानसाले सांगाचं. त्यानं नाई आयकलं तं तिसऱ्याले."

मी तोवर मोबाइल काढून चॅनेल, निरोप, जे सापडेल ते पुसायला निघाले होते. ताईंनी माझा हात धरला. "काईच पुसू नको. जे झालं ते पोलिसायले दिसलं पायजे." मग त्याच दिवशी आम्ही तिघी, ताई, चिमणीची आई आणि मी, समुद्रपूरच्या ठाण्यावर गेलो. ताईंच्या सांगण्यावरून तक्रारीत माझी चूक मी माझ्याच तोंडानं लिहवली. फोन तपासून झाल्यावर चॅनेल बंद केलं, ग्रुप मोडला. पुढे तपासाचं काय झालं ते सांगण्याचा अधिकार मला नाही. तो आवाज चिमणीपर्यंत पुन्हा आला नाही, एवढं सांगते.

गावात बातमी लपत नसते. दोन दिवसांनी सगळे पालक ओसरीवर जमले. चिमणीचे वडील उभेच होते. "हे सपनं-बिपनं बंद करा ताई," ते म्हणाले. "तो पाट टाका जायून. अन् या म्याडमले वापस धाडा वर्ध्याले." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते सगळं रास्तच वाटत होतं. माझ्या पर्समध्ये राजीनामा लिहून तयार होता.

ताई म्हणाल्या, "चूक माही बी हाय. इनं इचारलं तवा मी हं म्हनलं. लेकरायले इचारल्याशिवाय मी हं म्हनाले नोको होतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी तो बुटका पाट पुढे सरकवला. "बस. सांग. कोनी मधात बोलनार नाई."

मी त्या पाटावर बसले. पाट लहान मुलांच्या मापाचा, माझे गुडघे हनुवटीला टेकले. समोर ज्यांच्या लेकरांचे चेहरे मी जगापुढे मांडले होते ती सगळी माणसं. मी बोलायला सुरुवात केली आणि मला कळलं की रोज सकाळी ही मुलं किती अवघड गोष्ट करतात. शाबासकीची चटक मला कशी लागली, एका मुलाला मी स्वप्न दोनदा कसं सांगायला लावलं, गावाचं नाव लिहून पुढे हसरा चेहरा कसा टाकला, सगळं सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही. चिमणीचे वडीलसुद्धा नाही. ते कधी खाली बसले ते मला दिसलं नाही.

माझं संपल्यावर चिमणीची आई म्हणाली, "म्याडम, गावाचं नाव तुमी लिवलं. पन फोन तं मीच तिच्या हाती देऊन सैपाकाले लागत होती. तिनं तवा घरात तोंड उघडलं नाई. इथं उघडलं."

ताईंनी वडिलांकडे पाहिलं. "पाट ठेवू का जाळू? तुमीच सांगा."

वडील म्हणाले, "ठेवा. पन मोबाइल बाहेर."

तेव्हापासून ओसरीच्या खांबाला एक टोपली टांगलेली असते. आत येणारा कुणीही असो, मी असो, साहेब असो, पाहुणा असो, मोबाइल टोपलीत ठेवूनच आत येतो. शिवाय ताईंनी शनिवारी एक नवी पाळी सुरू केली. त्या दिवशी पाटावर मोठ्यांनी बसायचं आणि आठवडाभरात मोबाइलवर काय पाहिलं, कशानं फसलो, ते मुलांना सांगायचं. पहिल्या शनिवारी एक आजोबा बसले. त्यांना निरोप आला होता की इथे बोट दाबलं नाही तर तुमचा फोन संध्याकाळी फुटेल, आणि त्यांनी फोन बादलीभर पाण्यात बुडवून ठेवला होता. मुलं हसून लोळली. पण त्यानंतर तीच मुलं घरी आजोबांना सांगू लागली, असा निरोप आला तर आम्हाला दाखवा. पुढे साथीच्या वर्षांत सगळ्या शाळा बंद पडल्या आणि घरातला मोबाइल हीच शाळा झाली, तेव्हा आमच्या गावातली मुलं दोघं-दोघं आणि जवळ एक मोठं माणूस अशीच बसायची. ते पाहायला मला कुणाच्या अहवालाची गरज पडली नाही. मी दारादारांतून फिरत होते.

त्या सभेच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, ताई मला थांब्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी येताना दिसली तेव्हा मी राजीनामा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि कमरेला खोचला. मग एका डब्यात बांधून आणलेली ज्वारीची भाकर नि जवसाची चटणी माझ्या हातात ठेवली. "उद्या येजो," म्हणाल्या. "तू नाई आली तं लेकरायले वाटन, चुकलेलं मानूस पयून जाते. येशीन तं समजन का वापस येता येते." गाडीत बसून मी वर्ध्यापर्यंत रडले आणि भाकरही खाल्ली. माझ्या नोकरीचं, माझ्या उरलेल्या आयुष्याचं जे काही झालं, ते त्या थांब्यावर ठरलं. याबद्दल मी ताईंचे आभार कधी मानले नाहीत, आज जाहीरपणे मानते.

चिमणीचं काय झालं, ते अजून सांगायचं आहे. ती रोज यायची, खेळायची, जेवायची, पण पाटाची वेळ आली की म्हणायची, "माही पाळी सोडा." ताई म्हणायच्या, "सोडली." थंडी सरली, ऊन तापलं, कडुनिंबाचा मोहर सतरंजीवर पडून गेला. मी ताईंना दोनदा म्हटलं, तिला थोडं समजावून सांगू या. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं. मला रात्रंदिवस एकच धाक होता, की या मुलीचं सांगणं मी कायमचं बंद केलं. पुढच्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती. मग ती कुठे आणि आम्ही कुठे.

बालवाडीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती उठली आणि पाटापाशी गेली. पण बसली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्याडम, तुमचा मोबाइल कुठं हाय?" मी म्हटलं, टोपलीत. ती ओसरीबाहेर गेली, खांबापाशी टाचा उंचावून टोपलीत डोकावली, माझा मोबाइल ओळखला, परत आली आणि पाटावर बसली. तिनं एक स्वप्न सांगितलं. ओसरीवर सगळे ऐकत होते आणि ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

गेल्या महिन्यात मी हा लेख घेऊन चिमणीच्या घरी गेले. ती आता तेरा वर्षांची आहे, आठवीत. तिला विचारल्याशिवाय मी हे कुठेही देणार नव्हते. ती पायरीवर बसून पेन्सिल घेऊन सगळा लेख वाचत होती. चिमणी हे नाव तिनंच सुचवलं, स्वप्नातल्या खुणाही तिनंच बदलून दिल्या. तिच्या बापाचं बोलणं तिनं तसंच ठेवलं. मी तिच्या त्या शेवटच्या आठवड्यातल्या स्वप्नाच्या सात-आठ ओळी लिहिल्या होत्या, मला वाटतं माझ्या लिहिण्यातल्या सगळ्यांत चांगल्या. तिथे ती थांबली आणि तिनं त्यांवर शांतपणे रेघ मारली.

"हे नाई. हे ताईले सांगतलं होतं."

मी म्हटलं, "अगं, पण मग लेखाचा शेवटच गेला. गौरवलेखाच्या शेवटी ताईंना शुभेच्छा द्यायच्या असतात, दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मी त्या ओळींवरून तिकडे जाणार होते."

चिमणीनं पेन्सिल गालाला लावली. मग म्हणाली, "मंग तिथं असं लिवा. ताई, लय वर्षं राह्यजा. मले अजून लय सांगाचं हाय तुमाले."